हिंडतं-फिरतं माणूस

माय गेली आणि बाबांची नोकरी संपली, दोन्ही एकाच वर्षात. बाबा अकोल्याच्या मालधक्क्यावर कारकून होते. कापसाच्या गाठींशिवाय या माणसाला जगात दुसरं काही दिसत नाही, असं माय चिडून म्हणायची. आम्ही जठारपेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. सकाळी भाकर-भाजी करून झाकून ठेवायची आणि निघायचं, ते दिवेलागणीलाच परत यायचं. मधला सगळा दिवस बाबा एकटे.

सुरुवातीला ते स्टेशनावर जाऊन बसत. मग नव्या साहेबानं त्यांना गोड शब्दांत सांगितलं, की काका, इथं गाड्या-हमालांची गर्दी असते, तुम्हाला काही लागलं-बिगलं तर आमच्यावर येईल. त्या दिवसापासून ते घरीच राहू लागले. मी परत यायची तेव्हा घरात अंधार असे आणि बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेले असत.

"बाबा, दिवा काहून नाई लावला?"

"तू येऊनच राहिली होती ना," ते म्हणत.

एकदा मी दारात चपला काढत होते तर आतून त्यांचा आवाज ऐकू आला. अगदी रोजचा, साधा आवाज. "आता येईनच पोरगी. तू पाणी तापत ठेव." मी आत गेले. स्वयंपाकाच्या खोलीत कोणी नव्हतं. चूल सकाळपासून थंड होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही झालंच नाही असं दाखवून पंच्यानं तोंड पुसलं. मी दिवा लावला आणि चूल पेटवली. पण त्या रात्रीपासून मला त्या घरात माझ्याच पावलांचा आवाज नको वाटू लागला.

वाडीची गोष्ट त्यांना रेल्वेतल्या एका निवृत्त गार्डनं सांगितली. अमरावतीच्या पुढं, नांदगाव पेठेच्या रस्त्याला एका जिनिंगवाल्या मालकानं जुना कारखाना बंद करून तिथं खोल्या काढल्या होत्या. त्याला मूलबाळ नव्हतं. नोकरीतून मोकळ्या झालेल्या, घरी एकट्या पडलेल्या माणसांनी तिथं राहावं, एकत्र जेवावं, बाग करावी, असं त्याच्या मनात होतं. जातीपातीचं काही विचारायचं नाही, असंही तो सांगून गेला होता. अट एकच. माणूस हिंडतं-फिरतं पाहिजे. अंथरुणाला खिळलं की घरच्यांनी घेऊन जायचं.

"मले एकडाव पायून तं येऊ दे," बाबा म्हणाले.

"लोक म्हणतील पोरीनं बापाले हाकललं."

"लोक आतापण म्हणतात, बापापायी पोरीचं लग्न राहिलं."

ते हे ऐकून असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली, त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही निघालो.

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावती, तिथून मोटारीनं नांदगाव पेठेच्या अलीकडच्या फाट्यावर. फाट्यापासून वाडीपर्यंत पायी. दोन्ही बाजूंना काळी रानं उन्हानं भेगाळून पडली होती. बाबांनी धोतर-कोट घातला होता आणि डोक्यावर रेल्वेतली जुनी टोपी. घामानं कोटाची पाठ ओली झाली तरी त्यांनी तो काढला नाही.

वाडी दुरून कारखान्यासारखीच दिसे. पत्र्याची लांब शेड, तिच्या पोटात भिंती घालून केलेल्या खोल्या, पुढं ओसरी, आणि अंगणात कडुनिंबाची मोठाली झाडं. आत शिरलो आणि मी चमकले. मला वाटलं होतं म्हातारी माणसं ओसरीवर बसलेली असतील. इथं कोणीच बसलेलं नव्हतं. एक गृहस्थ ओसरी झाडत होते, दोन बाया लोणच्याच्या कैऱ्या चिरत होत्या, कोणी सायकल पुसत होतं, कोणी वाळवणावरचे पक्षी हाकत होतं. सगळे घाईनं हालत होते आणि आमच्याकडे पाहून सगळे हसले. ते हसणं मला आवडलं नाही. शाळेत तपासणीचे साहेब आल्यावर पोरी हसतात तसं ते होतं.

आणखी एक गोष्ट होती. त्या अंगणात कोणी ना कोणी सारखं गुणगुणत होतं. विहिरीपाशी एक जण, तो थांबला की निंबाखालून दुसरा, मग बागेच्या तोंडाशी तिसरी बाई. गाणं असं काही नव्हतं, नुसता नाकातला सूर. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. मी बाबांकडे पाहिलं. ते टोपी काढून शांतपणे सगळं न्याहाळत होते.

पुढं आल्या त्या एक उंच, ताठ बाई. पांढरं पातळ, कपाळ मोकळं. सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना नर्सबाई म्हणत. त्यांच्यामागून एक सडसडीत म्हातारे गृहस्थ आले, हातात झारी. हे मास्तर, पूर्वी मोर्शीकडे शाळेत होते आणि इथली संत्र्याची बाग त्यांच्याकडे होती. बाबांनी हात पुढं केला. मास्तरांनीही केला. क्षणभर दोन्ही हात वेगळ्याच जागी राहिले, मग बाबांनी आपला सरकवून त्यांच्या हातात दिला.

"आज भाचेसाहेब येतील बहुतेक," नर्सबाई म्हणाल्या. "महिन्यातून एकदा येतात, दिवस सांगत नाहीत. नवीन माणसाला तेच पाहतात."

मालक वारल्यापासून कारभार त्यांच्या भाच्याकडे होता. थोड्या वेळानं त्यांची जीप धूळ उडवत आली. चाळिशीचा, सभ्य, जरा थकलेला माणूस. त्यांनी आम्हाला नमस्कार केला, बाबांची चौकशी केली, आणि मग संकोचून म्हणाले, "काका, मामांनी घालून दिलेली एक पद्धत आहे. एक बादली पाणी शेंदायचं आणि ओसरीपर्यंत न्यायचं. राग मानू नका."

आम्ही विहिरीकडे गेलो. सगळी वाडी मागं आली. बाबांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि दोराजवळ जाऊन नुसते उभे राहिले.

मला ठाऊक होतं ते का थांबले. लहानपणी त्यांच्या आजोळच्या गावात विहिरीच्या काठाला हात लावता येत नसे. वरून कोणी ओतलं तर घागर भरायची, नाहीतर ऊन कलेपर्यंत बसून राहायचं. पुढं त्यांनी रेल्वेचे नळ पाहिले, नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, घरातले देव मोर्णा नदीत सोडले. पण परक्या गावात, चारचौघांसमोर, सगळ्यांच्या पिण्याच्या विहिरीवर दोर धरायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी मान वळवून एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कोणीतरी काही म्हणेल याची ते वाट पाहत होते.

"घ्या ना काका, दोर घ्या," भाचेसाहेब म्हणाले.

बाबांनी बादली सोडली. रहाट कुरकुरला. त्यांनी भरलेली बादली वर घेतली, ओसरीवरच्या हौदात नेऊन ओतली आणि परत आले. पुन्हा सोडली. तिसऱ्या खेपेला भाचेसाहेब म्हणाले, "पुरे काका, झालं."

"असू द्या," बाबा म्हणाले आणि आणखी एक ओढली. त्यांच्या दंडाच्या शिरा तटतटल्या होत्या आणि चेहरा मी मायच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच मोकळा पाहत होते. तेव्हाच मला कळलं, की हा माणूस आता माझ्याबरोबर परत येणार नाही.

जेवणं झाली. पंगत एकच होती. तुरीचं वरण, भाकरी, कैरीचा ठेचा. नंतर उन्हानं सगळं निपचित झालं. पुरुष निंबाखाली लवंडले. मला बायकांच्या बाजूची शेवटची खोली उघडून दिली. "रिकामीच आहे," नर्सबाई म्हणाल्या. खोलीत एक खाट होती, बाकी काही नाही. भिंतीत वर, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, कारखान्याच्या वेळचा एक झरोका होता.

माझा डोळा लागत होता. तेवढ्यात त्या झरोक्यातून आवाज आला.

"दिवा लागला का वं?"

मी उठून बसले. बाहेर इतकं ऊन होतं की दाराच्या फटीकडे पाहवत नव्हतं.

"कोणी आहे का घरात? दिवा लावा ना."

बाईचा आवाज. म्हातारा, पण स्पष्ट. त्या भिंतीपलीकडे खोली नव्हती, हे मी येताना पाहिलं होतं. पलीकडे जिनिंगचं जुनं कोठार होतं आणि त्याला बाहेरून कडी होती. मला आमचं घर आठवलं, अंधारात भिंतीकडे तोंड करून बसलेले बाबा आठवले, आणि थंड चुलीशी चाललेलं त्यांचं बोलणं. हे आमच्या मागं मागं इथवर आलं की काय, असं मला वाटलं. मी शिकलेली बाई, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. तरी बराच वेळ मला पाय खाली सोडण्याचा धीर झाला नाही.

आवाज थांबेना. शेवटी मी अनवाणीच उठले, तापलेल्या अंगणातून वळसा घालून कोठाराशी गेले आणि कडी काढली. आत सरकीचा उग्र वास होता. पोत्यांची रास, मोडकी टोपली, गोधड्यांचा ढीग. डोळे अंधाराला सरावले तेव्हा पोत्यांच्या मागं एक बाज दिसली. बाजेवर एक म्हातारी होती. इतकी लहान, की पांघरुणाखाली काही आहे असं वाटतच नव्हतं. डोळे मात्र उघडे आणि माझ्याकडे लागलेले.

"आलीस का माये," ती म्हणाली. "तू गेली तशी कोणी दिवाच लावला नाई."

मी जवळ गेले तशी तिनं माझं मनगट धरलं. त्या काडीसारख्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"आता जाऊ नको."

"नाही जात," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मागं पावलं वाजली. नर्सबाई दारात होत्या. त्यांनी आधी बाहेर नजर टाकली, मग दार लोटून घेतलं.

"घाबरू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जो येईल त्याला ती तेच म्हणते."

"कोण आहेत या?"

"इथल्याच. आमच्याआधीपासूनच्या. लोणची-पापड सगळं हिनंच शिकवलं आम्हाला. गेल्या वर्षी पडली, मग उठली नाही. डोकंही हललं. रोज खोलीतच असते. आज तेवढं इथं आणून ठेवलं."

"भाचेसाहेबांना माहीत नाही?"

"माहीत झालं तर घरी पाठवतील. तिचा पोरगा अमरावतीतच आहे." त्या बाजेच्या कडेला बसल्या आणि म्हातारीच्या ओठांना ओलं फडकं लावू लागल्या. "मागं एकीला पाठवलं होतं. मी भेटायला गेले तर गोठ्याला लागून खोली होती, तिथं ठेवलेली. मी गेले तेव्हा..." त्या थांबल्या. "ते असू द्या. तेव्हा आम्ही सगळ्यांनी ठरवलं, आता इथून कोणी जायचं नाही. हिचं काम आम्ही वाटून घेतो. मास्तरांचंही तसंच."

"मास्तरांचं काय?"

"त्यांना दिसत नाही. दोन वर्षं झाली. आम्ही आवाज देत राहतो, त्या आवाजावर ते चालतात."

मला सकाळपासूनचं ते गुणगुणणं आठवलं. भीती गेली, पण तिच्या जागी जे आलं ते तिच्याहून जड होतं. मी त्या हसऱ्या, झटझट काम करणाऱ्या माणसांचे चेहरे आठवत होते आणि कोणाचं काय झाकून ठेवलेलं असेल, याचा मनात हिशेब लावत होते.

नर्सबाईंनी मला गप्प राहायला सांगितलं नाही. म्हातारीची बोटं एकेक करून माझ्या मनगटावरून सोडवली आणि म्हणाल्या, "आता तुम्ही पाहिलंच आहे."

ऊन उतरल्यावर भाचेसाहेब निघायला लागले. त्यांच्या ड्रायव्हरनं जीप सावलीसाठी बागेच्या तोंडाशी आणून उभी केली होती, अगदी मास्तरांच्या रोजच्या वाटेवर. मास्तर झारी घेऊन येत होते. विहिरीपाशी कोणी गुणगुणू लागलं, मग आणखी कोणी, जरा मोठ्यानं. पण जीपच्या अंगाला कोणी नव्हतं. मास्तर सरळ चालत राहिले. भाचेसाहेब माझ्याशीच बोलत होते आणि त्यांची पाठ बागेकडे होती. ओसरीवरची माणसं जागच्या जागी थिजली.

मी धावले नाही. भरभर चालत गेले आणि मास्तरांच्या कोपराला हात घातला.

"मास्तर, तुमची संत्र्याची झाडं दाखवता ना मला?"

त्यांचा हात क्षणभर ताठ झाला, मग सैल पडला. "चला ना, चला," ते म्हणाले. आम्ही जीपला वळसा घालून आत गेलो. पहिल्या झाडाशी त्यांनी फांदी चाचपली, एक पान चुरगाळून माझ्या नाकाशी धरलं आणि हळूच विचारलं, "कितीवर होती?"

"हातभर."

"बरं झालं," ते म्हणाले आणि मग मला संत्र्याच्या मृग आणि आंबिया या दोन बहरांतला फरक सांगत बसले.

परत आले तेव्हा भाचेसाहेब जीपच्या पायरीवर पाय ठेवून उभे होते. "कशी वाटली जागा?" त्यांनी विचारलं. "तुम्ही बायकांच्या बाजूला होता. सगळं ठीक आहे ना? कोणी आजारी वगैरे?"

"ठीक आहे सगळं," मी म्हटलं. "माझी काही तक्रार नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले, जरा जास्तच वेळ. मग नमस्कार करून निघून गेले.

बाबा तिथंच राहिले. त्यांचं सामान मी पुढच्या आठवड्यात नेऊन दिलं. मास्तरांचं त्यांना पहिल्या क्षणीच कळलं होतं. "त्यानं हात हवेत दिला ना," ते म्हणाले. कोठारातल्या आजीचं मी सांगितलं तेव्हा नुसतं "हं" म्हणाले.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जात राहिले. बाबांकडे पाण्याचं काम होतं. कोणत्या वाफ्याला केव्हा, हौद केव्हा भरायचा, कोणाची पाळी, सगळं तेच बघत. रंग उजळला होता. मोठ्यानं हसत. घरी मात्र उलटं झालं. मी एकटी राहू लागले आणि संध्याकाळी कुलूप काढताना आत कोणीतरी बोलता बोलता थांबलं आहे असं मला वाटे. मी दार ढकलायच्या आधी कडी वाजवू लागले. माझ्याच घराची.

आजी त्या पावसाळ्यातच गेली. भाचेसाहेबांना सांगण्यात आलं, की ती सकाळी फुलं तोडता तोडता बसली आणि तशीच गेली. तिला उचलून अंगणात आणायला बाबाही होते. "वजन असं नव्हतंच तिले," ते म्हणाले. "पण दिवसभर मले हात जड वाटून राहिले." नंतर कितीतरी दिवस दुपारी त्या कोठारात कोणी ना कोणी दिवा लावून ठेवत असे. कोण लावतं ते कोणी सांगत नसे आणि तो कोणी विझवतही नसे. मी त्या शेवटच्या खोलीत पुन्हा झोपले नाही.

पुढची काही वर्षं बरी गेली. मग एका पोळ्यानंतर माझ्या तिथल्या भेटींत काही बारीकसारीक बदल झाले, ते मला त्या वेळी बदल वाटले नाहीत. मी फाट्यावरून आत शिरले की कोणीतरी मला फाटकातच गाठत असे, चहा पाजत असे, शाळेचं विचारत असे. निंबाखाली पोचेपर्यंत बाबा खुर्चीत बसलेले असत. इस्त्रीचा सदरा, मांडीवर शाल. "आमचं जेवण झालं, तू जेवून घे," म्हणत. गप्पा पहिल्यासारख्याच. खुर्चीतूनच ओरडून सांगत, "तिसऱ्या वाफ्याले पाणी जाऊन नाई राहिलं, पाहा बरं कोणी." मी निघाले की हात वर करत.

दिवाळीला मी त्यांना कोल्हापुरी चपला नेल्या होत्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा मी त्यांच्या पायाशी बसून बोलत होते. चपला शेजारीच होत्या. सहज एक उचलून धूळ झटकायला उलटी केली, तर धूळ नव्हती. तळवा कोरा होता. दुकानदारानं खडूनं घातलेला आकडा तसाच होता.

मी चप्पल परत ठेवली. वर पाहिलं तर बाबा बागेकडे पाहत होते. शालीखालचा डावा हात मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता, हे मला तेव्हा आठवलं.

मी पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले. नर्सबाई तांदूळ निवडत होत्या. मी दारातच उभी राहिले.

"कधीपासून?"

त्यांनी मान वर केली नाही. "पोळ्यापासून. एक अंग गेलं."

"मला का नाही सांगितलं?"

"त्यांनीच बजावलं होतं. म्हणाले, तिले कळलं त नेईन मले." त्यांची बोटं तांदळात तशीच फिरत होती. "तुम्ही न्यायचं म्हणत असाल तर आम्ही अडवणार नाही. तुमचा हक्क आहे."

न्यायचंच, असं मी ठरवलं. पोरगी जिवंत असताना बाप परक्यांच्या खांद्यावर का म्हणून? गाडी कशी करायची, खाट कुठं टाकायची, सगळं मनात जुळवत मी निंबाखाली परत आले. आणि मग मला आमची ती खोली दिसली. मी शाळेत गेलेली, भाकर झाकून ठेवलेली, आणि बाबा भिंतीकडे तोंड करून.

"बाबा," मी म्हटलं, "आज फाटकापर्यंत येता का मले सोडायले?"

मी असं का विचारलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय पाहिलं आणि काय विचारून आले, ते सगळं त्यांना कळलं असावं.

"आज ऊन लय आहे, बाई," ते म्हणाले.

आभाळ भरून आलेलं होतं.

"हो," मी म्हटलं, "ऊन आहेच."

त्यांच्या उजव्या हातानं शालीची कड घट्ट धरली होती, ती सुटली. मी पायाला हात लावून निघाले. मोटारीत बसल्यावर सबंध वाट मी खिडकीकडे तोंड करून होते. शेजारच्या बाईनं मला दोनदा विचारलं, काय होऊन राहिलं म्हणून.

त्यानंतर मी फाटकात मुद्दाम रेंगाळू लागले. चहा सावकाश पीत असे, त्यांना वेळ मिळावा म्हणून. घाईनं खुर्ची सरकवल्याचा आवाज आला तरी तिकडे पाहत नसे. मी यायच्या आधी चार हातांनी उचललेला, सदरा चढवलेला, भांग पाडलेला माझा बाप निंबाखाली मला दिसे आणि आम्ही संत्र्याच्या भावाबद्दल बोलत असू.

पुढच्या हिवाळ्यात नर्सबाई स्वतः अकोल्याला आल्या. शाळेच्या फाटकाशी उभ्या होत्या. वाडीच्या बाहेर मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते आणि त्या एकदम लहान वाटल्या. बाबा गेले, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

वाडीत पोचलो तेव्हा भाचेसाहेब येऊन थांबलेले होते. बाबांना अंघोळ घालताना ते जवळच उभे होते. डाव्या पायाची वाळून काडी झालेली त्यांनी पाहिली. ते नर्सबाईंकडे वळले.

"किती दिवसांपासून असं होतं?"

"कालपासून," नर्सबाई म्हणाल्या.

त्यांनी मान हलवली. मग बूट काढले, बाह्या वर सारल्या आणि पाय पुसायला फडकं मागितलं. त्रिशरण म्हटलं गेलं तेव्हा ते सगळ्यांच्या मागं हात जोडून उभे होते. नेताना म्हाताऱ्या माणसांना खांदा फार वेळ पेलवेना, सारखे बदलावे लागत होते. पुढच्या डाव्या बाजूला मात्र शेवटपर्यंत भाचेसाहेबच होते.

वाडीची अट काही बदलली नाही. पण पुढं नर्सबाईंनी निरोप पाठवला, की आता भाचेसाहेब येण्याच्या आदल्या दिवशी ड्रायव्हर येऊन सांगून जातो, साहेब उद्या येणार म्हणून.

मी पुन्हा तिथं गेले नाही. त्यांनी बोलावलं होतं, मास्तरांनी संत्री पाठवली होती. तरी गेले नाही. मात्र महिन्याचा तो रविवार आला की पहाटेच जाग येई. मी अंघोळ करून, चिवड्याचा डबा पिशवीत टाकून स्टेशनावर येई आणि गाडीत बसे. बडनेऱ्याला उतरायची. अमरावतीची गाडी पलीकडच्या फलाटावर उभी असे. मी बाकावर बसून चहा घेई आणि ती सुटेपर्यंत तिच्याकडे पाहत राही. मग अकोल्याकडे जाणारी जी गाडी आधी मिळेल, तिनं परत येत असे. असं किती महिने चाललं ते मी मोजलं नाही. शाळेत कोणी विचारलं, की रविवारी कुठं असता बाई, तर मी सांगत असे, वडिलांकडे जाऊन आले.